केलेल्या मदतीची जाणीव ठेवावी, अशी अपेक्षा धरणे गैर आहे का?

ऐलतीर (चर्चाप्रस्ताव)

‘मदत करावी आणि विसरून जावी’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे म्हणून जातो, की ते मदत घेणाऱ्याच्या किती सोयीचे आहे, याकडे आपले लक्षच जात नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात उपकार या विषयावर सविस्तर लिहिले आणि त्याने सांगितलेला नियम दुहेरी होता: देणाऱ्याने दिल्याचे तत्काळ विसरावे आणि घेणाऱ्याने घेतल्याचे कधीही विसरू नये. यातला पहिला भाग सुविचार होऊन राहिला आणि दुसरा भाग मात्र आपण सोयीस्करपणे गाळला, असे माझे मत आहे.

माझ्या एका सहकाऱ्याने नव्याने रुजू झालेल्या तरुणाला कामातले सगळे बारकावे शिकवले. कार्यालय रिकामे झाले, की तो त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा, त्याच्या तक्त्यांतल्या चुकांवर पेन्सिलीने बारीक खुणा करायचा आणि दुरुस्त झालेले काम वरिष्ठांपुढे त्या तरुणाच्याच नावाने जाईल, याची काळजी घ्यायचा. पुढे त्या तरुणाला बढती मिळाली आणि सत्काराला उत्तर देताना तो म्हणाला, ‘मला इथे कोणी काही शिकवले नाही, जे शिकलो ते स्वतःच्या हिमतीवर.’ माझ्या सहकाऱ्याला मोबदला नको होता, सत्कारातला वाटाही नको होता. घडलेली गोष्ट घडलीच नाही असे चारचौघांत जाहीर झाले, हे त्याला लागले.

जाणीव ठेवणे म्हणजे परतफेड करणे नव्हे. जे घडले ते घडले, एवढी ती कबुली असते. ती मागणारा हिशेबी ठरतो आणि ती नाकारणारा स्वाभिमानी म्हणून मिरवतो, हा उफराटा न्याय मला मान्य नाही.

निरंजनी

प्रस्तावाशी मी सहमत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगताना, ज्याच्याकडून परत काही मिळणार नाही अशाला, केवळ द्यायचे म्हणून दिलेले दान सात्त्विक मानले आहे आणि प्रत्युपकाराच्या हेतूने दिलेले राजस. तुम्ही म्हणाल, की कबुली म्हणजे प्रत्युपकार नव्हे. परंतु देणारा ज्याची वाट पाहतो आणि जे न मिळाल्यास ज्याचे मन खट्टू होते, ते परतफेडीहून वेगळे कसे? उलट साध्या कर्जाला रक्कम असते, मुदत असते आणि ते फिटल्याची पावतीही मिळते; या कर्जाला यांपैकी काहीच नसते, म्हणून ते अधिक जाचक.

शिवाय तुमच्या उदाहरणातला तरुण दोषी आहे तो खोटे बोलल्याबद्दल. तो गप्प बसला असता, तर तुमचा आक्षेप इतका जोरकस राहिला असता का?

काठावरचा

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण वैद्यांनीच प्रचारात आणली असावी, असा मला दाट संशय आहे.

वळचण

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण अशा चर्चांत देणारेच फार बोलतात.

माझे महाविद्यालयीन शिक्षण एका नातेवाइकांच्या घरी राहून झाले. ही गोष्ट मी कधीही लपवली नाही, उलट आपणहून अनेकांना सांगितली. मात्र त्या घरी कोणीही आले, की माझी ओळख ‘हा आमच्याकडे राहून शिकला’ या एकाच वाक्याने होत असे आणि ते म्हटल्यावर काका माझ्याकडे पाहून क्षणभर थांबत. त्या थांबण्यात मी मान हलवायची, हे न सांगता ठरलेले होते. मी नोकरीला लागल्यावरही ते वाक्य आणि तो थांबा सुटला नाही. काही वर्षांनी त्यांचा भावाशी घरावरून वाद झाला. मी न पाहिलेल्या व्यवहाराला साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. कागद माझ्यापुढे सरकवताना त्यांनी पेनाचे टोपणही काढून ठेवले होते. मी नकार दिला तेव्हा ते म्हणाले, ‘एवढी वर्षे ठेवून घेतले, ते याचसाठी का?’

आज नात्यात कृतघ्न म्हणून माझे नाव घेतले जाते. प्रस्तावकाच्या व्याख्येप्रमाणे मी पूर्ण कबुली दिली होती, तरीही ती पुरली नाही, कारण देणाऱ्याला कबुली हवी असते ती पुढच्या मागणीची पायरी म्हणून. महाभारतातला कर्ण आठवावा. युद्धापूर्वी कृष्णाने त्याला त्याचे खरे जन्मरहस्य सांगून पांडवांकडे येण्याचा आग्रह केला, तेव्हा आपण दुर्योधनाच्या आश्रयाने राज्य भोगले, हे त्याने नकाराचे एक कारण म्हणून सांगितले. भीष्मांनीही युधिष्ठिराला युद्धाच्या तोंडावर सांगितले, की मनुष्य अर्थाचा दास असतो आणि मी कौरवांशी अर्थाने बांधला गेलो आहे. इतकी मोठी माणसे जाणिवेपोटी अन्यायाच्या बाजूने उभी राहिली असतील, तर हा सद्गुण निर्मळ म्हणायचा कसा?

ऐलतीर

वळचण यांच्याबाबतीत जे घडले त्याचे समर्थन कोणीही करू नये. तो जाणिवेचा आग्रह नव्हता, ती वसुली होती. पण कर्ण आणि भीष्म यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो, कारण विदुरही त्याच राजघराच्या आश्रयाला होता. द्यूताच्या वेळी भर सभेत त्याने दुर्योधनाला विरोध केला, धृतराष्ट्राला कडू बोल ऐकवले, प्रसंगी हाकलूनही घेतले. तरी आश्रयदात्याचे हित पाहणे त्याने सोडले नाही. म्हणजे मिंधेपण ही जाणिवेची अटळ परिणती नव्हे, आणि त्यामुळे वळचण यांनी दिलेला नकार मला विदुराच्या जातीचा वाटतो.

निरंजनी यांच्या प्रश्नाचे उत्तर: होय, तो तरुण गप्प राहिला असता तरी आक्षेप राहिला असता, फक्त सौम्य झाला असता. सत्काराला उत्तर देण्याची जागा गप्प राहण्याची नसते.

पानगळ

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1797 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक विवेचनात कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हटले आहे. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे: उपकाराची कितीही परतफेड केली, तरी उपकारकर्त्याने आधी पुढाकार घेतलेला असतो आणि ते ‘आधी’पण घेणाऱ्याला कधीच मिळवता येत नाही. प्रस्तावकांना हा आधार वाटेल. पण तिथेच, समोरच्याला आपण बांधून घेत आहोत असा भासही देणाऱ्याने होऊ देऊ नये, असेही तो बजावतो. माझ्या मते वादाचा गुंता इथेच आहे. घेणाऱ्यावर कर्तव्य आहे, एवढ्यावरून देणाऱ्याला मागण्याचा हक्क मिळतो असे नाही. आपण ही दोन्ही विधाने एकच समजून भांडत आहोत.

निरंजनी

पानगळ यांचा भेद मला पटतो आणि त्याने माझीच बाजू बळकट होते. हक्क नसेल, तर अपेक्षा कोणत्या बळावर धरायची? राहता राहिला तो सहकारी. त्याची बाजू इतरांनी मांडायला हवी होती. संध्याकाळी दोघांना शेजारी बसलेले ज्यांनी पाहिले होते, अशी माणसे त्या कार्यालयात नक्कीच असतील. एकाने भाषणानंतर हसत हसत दोन वाक्ये बोलून दाखवली असती, तर देणाऱ्याला तोंड उघडावे लागले नसते आणि सत्यही राहिले असते.

ऐलतीर

हा मार्ग सभ्य आहे, पण अपुरा आहे. इतरांनी सांगितले असते, तर सभागृहाला वस्तुस्थिती कळली असती. ज्याच्यासाठी त्याने स्वतःचा वेळ खर्चला त्याला ती मान्य आहे की नाही, हे मात्र त्यातून कळले नसते. माझा सहकारी हक्क सांगायला कधीच गेला नाही, पुढेही जाणार नाही. तरी त्या तरुणाने एकदा, अगदी जिन्यात गाठून का होईना, ‘तुम्ही शिकवलेत’ एवढे म्हणावे असे त्याला वाटत असेल, तर त्या वाटण्याला मी लोभ म्हणायला तयार नाही.