टायर प्रेशरचा दिवा ब्लिंक होतोय, पण हवा बरोबर आहे

प्रश्न: गाडी स्टार्ट केली की टायर प्रेशरचा पिवळा दिवा मिनिटभर ब्लिंक होतो आणि मग तसाच लागून राहतो, हवा गेजने चेक केली तर चारही टायरमध्ये व्यवस्थित आहे. गाडी ८ वर्षं जुनी. टायरमधला हवा मोजणारा एकच सेन्सर गेला असेल की सगळेच बदलू?

उत्तर: आधी ब्लिंक होऊन मग स्थिर म्हणजे सिस्टममध्ये फॉल्ट, हवा कमी असती तर ब्लिंक न होता थेट लागला असता. सेन्सरमधली बॅटरी सीलबंद असते, ५ ते १० वर्षांत संपते आणि ती वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच टाकावा लागतो. टायर उघडायच्या आधी स्कॅन टूलने (सेन्सरचा सिग्नल वाचणारं यंत्र) चारही व्हॉल्व्हपाशी रीडिंग घ्यायला लावा, जो उत्तर देत नाही तो मेला. बाकीचेही त्याच वयाचे, त्यामुळे टायर बदलायला आलेच असतील तर मी चारही एकदम टाकेन.

उत्तर: नवीन सेन्सर सिग्नलची फ्रिक्वेन्सी बघूनच घ्या, ३१५ आणि ४३३ मेगाहर्ट्झ दोन्ही मिळतात आणि चुकीचा घेतला तर गाडी त्याला ओळखणारच नाही. नवीन सेन्सरचा आयडी (ओळख क्रमांक) गाडीला शिकवायला लागतो, काही गाड्या थोडं चालवलं की आपोआप घेतात, काहींना टूलच लागतं. टायरवाल्याला सेन्सर व्हॉल्व्हच्या मागे आहे हे आधीच सांगा नाहीतर टायर काढताना तोच तोडतो (हे फार कॉमन आहे). आणि बॅलन्सिंग परत करून घ्या.

प्रश्नकर्ता: स्कॅन केलं, मागचा डावा गप्प आहे. टायरही गुळगुळीत झालेत, चारही टाकतो मग.