विषय: ठाण्याहून अंकाची पानं पाठवायला दोन फोन-लाइन एकत्र (फोनवरून इंटरनेट जोडायच्या, विंडोज ९८च्या काळातला पत्रव्यवहार)

न्यू जर्सीहून:

मंडळी, नमस्कार.
दिवाळी अंकाची जुळणी यंदाही नौपाड्यात आमच्या ताईकडे चालली आहे. चित्रांसकट एकेक फाइल सहा एमबीच्या घरात जाते आणि पाठवता पाठवता मध्येच लाइन तुटते. ताईकडे घरचा एक आणि कामाचा एक असे दोन फोन आहेत. दोन्ही जोडून इंटरनेट चालवता येतं का? की नुसता ५६केचा (सेकंदाला ५६ हजार बिटांचा) मोडेम घेऊन भागेल?

पाचपाखाडी, ठाण्याहून:

जोडता येतं. याला मल्टिलिंक पीपीपी म्हणतात; पीपीपी ही फोनवरून इंटरनेटला जोडण्याची पद्धत. त्याचे नियम ऑगस्ट १९९६च्या आरएफसी क्रमांक १९९० या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहेत. माहितीचे तुकडे दोन्ही लाइनींवर वाटून जातात आणि पलीकडे, इंटरनेट सेवेच्या टोकाला, क्रमांकानुसार पुन्हा लावले जातात. एक लाइन पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं.

पण पलीकडे ते तुकडे लावणारं यंत्र हवं. म्हणून मोडेमच्या दुकानात जाण्याआधी ताईंनी इंटरनेट सेवेच्या ऑफिसात विचारावं: मल्टिलिंक चालतं का, एका खात्यावर एकाच वेळी दोन लॉगिन चालतात का, तास दुप्पट धरता का? आणि दुसरा कॉल तुमच्या वेगळ्या यंत्रावर जाऊन पडला तर जोड होते का? हे शेवटचं सहसा कोणी विचारत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

५६के हा वेग माहिती उतरवून घेण्याचा. व्ही.९० या ५६के मोडेमच्या मानकात पाठवण्याचा वेग ३३.६केच्या वर जात नाही, आणि ताईंचं काम सगळं पाठवण्याचं. सहा एमबीला स्वच्छ लाइनवरसुद्धा चोवीस मिनिटं लागणार. ई-मेलला जोडली की तीच फाइल एक-तृतीयांशाने फुगते, म्हणजे बत्तीस मिनिटं. आधी एफटीपी, म्हणजे फाइल न फुगवता थेट पाठवण्याची पद्धत, वापरायला लागा. त्यावर दुसरी लाइन जोडली तर काम बारा-तेरा मिनिटांवर येईल.

विंडोज ९८मध्ये जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये मल्टिलिंकचं पान आहे, तिथे दुसरा मोडेम घालायचा. दोन्ही मोडेम एकाच वेगाचे घ्या. एक कॉम १ या पोर्टवर असेल तर दुसरा कॉम २वर ठेवा. १ आणि ३चा आयआरक्यू (संगणकाला हाक मारायची वाट) एकच असतो, त्यांचं जमत नाही.

लाइन मात्र नीट तपासा. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा. टोन थांबला की कान देऊन ऐका. खरखर असेल तर जिन्याखालची डीपी (फोनच्या तारांची पेटी) उघडून बघायला सांगा. पावसाळ्यात जुन्या इमारतींत तिथे ओल धरते, जोड हिरवे पडतात. लाइनमनकडून ते साफ करून घेतल्याशिवाय मोडेमवर पैसे घालू नका. आतल्या खोलीत त्याच लाइनवरचा पॅरलल फोन असेल तर तेवढ्यापुरता काढून ठेवा, कॉल वेटिंगही बंद करा.

कॉलचं बिल दोन्ही फोनांवर पडेल. ते मंडळाच्या खर्चात धरा; ताई स्वतःहून मागायच्या नाहीत.

वाशीहून:

पाचपाखाडीच्या काकांशी सहमत. आयएसडीएन (डिजिटल फोन-लाइन) घेतलं तर एकाच तारेवर ६४केचे दोन चॅनल मिळतात, जोडले की १२८के, आणि जातानाही वेग तेवढाच. वर्षभर असं काम असेल तर जरूर घ्यावं. एका अंकासाठी नको.

न्यू जर्सीहून:

काका, आभार. ताईला फोन केला. कामाच्या लाइनवर खरखर आहे, ती आधी तक्रार नोंदवतेय. तोवर मुखपृष्ठ एफटीपीने येईल. त्यासाठी फाइल ठेवायची जागा आजच उघडून देतो. फोनच्या बिलाचा विषय रविवारच्या सभेत मीच मांडतो.