आषाढ सेल ते दिवाळी सेल : सोलापूरकरांनो, आपले अनुभव लिहावेत

आषाढ लागला की नवी पेठेत दुकानांवर सेलचे फलक चढतात. या महिन्यात लग्नकार्ये नसल्यामुळे गिऱ्हाईक थंडावलेले असते आणि श्रावणापासून येणाऱ्या सणांचा नवा माल भरायला दुकानदाराला जागा हवी असते; त्यामुळे आषाढातली सूट पुष्कळदा खरी असते, असे माझे मत आहे. दिवाळीच्या सेलबद्दल मात्र मला तसे म्हणवत नाही. गेल्या वर्षी नवरात्राआधी मी एक मिक्सर पाहून ठेवला होता आणि दुकानदाराने सांगितलेला ₹३,४५० हा भाव किराणा मालाच्या वहीत मागच्या पानावर टिपला होता. दिवाळीत त्याच दुकानात त्याच मिक्सरवर ‘₹५,२०० चा फक्त ₹३,४९९ ला’ अशी पाटी होती. ₹५,२०० ही खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत होती, म्हणजे पाटी खोटी नव्हती. पण ती किंमत ही विक्रीची वरची मर्यादा असते, रोजचा भाव नव्हे. वही नसती तर एकोणपन्नास रुपये जास्त देऊन मी आनंदाने घरी आलो असतो. आपापले अनुभव शक्यतो आकड्यांसह लिहावेत.

टॉवेल-चादरीच्या दुकानातील माजी विक्रेती, अशोक चौक

काकांची वही चांगली आहे, पण वस्तूच बदलली तर वहीतला भाव काय कामाचा? माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते आणि मी स्वतः अकरा वर्षे काउंटरमागे उभी राहिले आहे, म्हणून आतली गोष्ट सांगते. आमच्याकडे तीस बाय साठ इंची टेरी टॉवेल एरवी ₹३०० ला जात असे आणि त्याचे वजन पाचशे ग्रॅमच्या वर भरत असे. सेलसाठी त्याच मापाचा, त्याच रंगाचा, पण चारशे ग्रॅमचा वेगळा माल येत असे आणि तो ₹२६० ला विकला जात असे. गिऱ्हाईक चाळीस रुपये वाचले म्हणून खूश होई. किलोचा हिशेब केला तर पहिला ₹६०० च्या आत आणि सेलचा ₹६५० किलो पडत होता. हाताला फरक कळत नाही, कारण नव्या कापडाला खळ असते आणि खळीमुळे विरळ टॉवेलही जाड लागतो. पहिल्या दोन धुण्यांत खळ गेली की तो उजेडात धरावा, म्हणजे पलीकडची खिडकी दिसते.

चादरीचे थोडे निराळे आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाखाली बाहेरचा मालही भरपूर विकला जातो. सूत तपासायचे असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक गोळी बनते. दुकानात काडी ओढता येत नाही हे खरे, पण घरी एक चादर तपासून मग लग्नाच्या आहेराच्या वीस घेता येतात.

महाविद्यालयीन शिक्षक, जुळे सोलापूर

आमचा अनुभव २०२२ च्या पावसाळी सेलमधला आहे. त्या उन्हाळ्याने जीव नकोसा केला होता, त्यामुळे ‘फाइव्ह स्टार’ एसी सात हजारांनी स्वस्त दिसताच आम्ही फारसा विचार केला नाही. त्याच जुलैपासून एसीच्या तारांकनाचे निकष कडक झाले होते आणि जुन्या निकषांवरचा पाच तारे असलेला एसी नव्या निकषांवर चार ताऱ्यांचा ठरत होता, हे मला नंतर कळले. दुकानदार जुना साठा काढत होता. याला मी फसवणूक म्हणत नाही. लेबलवर त्याची मुदत छापलेली होती, मीच ती वाचली नाही. आता कोणी विचारले तर मी तारे मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिले आहेत ते पाहा, असे सांगतो.

गृहिणी, विजापूर रोड

‘पन्नास टक्के अधिक वीस टक्के’ म्हणजे सत्तर टक्के नव्हे. हजाराची साडी आधी पाचशेला येते आणि वीस टक्के त्या पाचशेवर मिळतात, म्हणजे चारशे द्यावे लागतात. माझ्या जावेशी यावरून काउंटरवरच वाद झाला होता.

खासगी नोकरी, होटगी रोड

मी ₹२४,००० चा मोबाइल सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर घेतला. यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता सुरुवातीला किमतीतून वजा करतो. परंतु त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. माझे मिळून सव्वाचारशेच्या आसपास गेले. तेही सोसले असते, पण एकरकमी पैसे देणाऱ्याला त्याच दिवशी दीड हजारांची सूट होती आणि ती हप्तेवाल्यांना लागू नव्हती, हे मी शेवटच्या पानावर वाचले. पडद्यावर ‘सात मिनिटे शिल्लक’ असे घड्याळ चालू होते, म्हणून घाई केली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सात मिनिटांवर होते.

शिवणकाम करणारी, सात रस्ता परिसर

सेलमधील कुर्ता घरी उलगडला तर काखेत कापडच विरलेले निघाले. दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवले. सदोष माल बिलावरच्या मुदतीत आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे मी त्याला शांतपणे सांगितले आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्याच्यासमोर फोन लावू लागले. पैसे मिळाले. माझ्याकडे पक्के बिल होते, म्हणून हे जमले. साध्या चिठ्ठीवर जमले नसते. रंग आवडला नाही म्हणून परत करायला गेलात तर हा कायदा उपयोगी नाही, हेही लक्षात असू द्या.

चर्चा सुरू करणारा

अशोक चौकातील ताईंचे वाचून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. गेल्या सेलमध्ये तीस बाय साठ इंची म्हणून घेतलेल्या चार टॉवेलांपैकी पहिला ४०५ ग्रॅम आणि दुसरा ३९० ग्रॅम भरला. उरलेले दोन दोरीवर ओले आहेत. वाळले की लिहितो.