पोटॅशमधली चिकणमाती सगळं अमाइन खातेय, काय करू?

मांजलपूरकर: बडोद्यात एम.ई. करतोय, लॅबमध्ये सिल्व्हिनाइटचं (पोटॅशचं खनिज, त्यात केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड आणि साधं मीठ एकत्र असतं) फ्लोटेशन लावलंय, म्हणजे अमाइन हे रसायन केसीएलच्या कणांना चिकटवून ते फेसाबरोबर वर आणायचं. सॅम्पलमध्ये माती भरपूर, त्यामुळे फेस येतो तो करडा नि केसीएल खालीच बसतं. अमाइनचा डोस वाढवू का?

जुना_प्लांटवाला: डोस वाढवून पैसे घालवशील फक्त. मातीच्या कणांवर निगेटिव्ह चार्ज, त्यात पृष्ठभाग अफाट, आणि अमाइन पॉझिटिव्ह, मग ते आधी तिथेच जाऊन चिकटतं आणि केसीएलच्या वाट्याला काही उरत नाही. आधी ब्राइनमध्ये (क्षारांच्या संपृक्त द्रावणात) दणकून स्क्रबिंग कर, म्हणजे घुसळून माती सुटी कर, मग वरचं गढूळ ब्राइन ओतून काढ. कॅनडात सस्कॅचेवानला हेच काम हायड्रोसायक्लोनने (गरगर फिरवून बारीक माती वेगळी करणारं यंत्र) करतात. तरी थोडी माती राहतेच, तिच्यासाठी ग्वार गम किंवा सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) घाल, ते मातीला झाकतं, पण अमाइनच्या आधी हं!

गवारप्रेमी: गम आपल्याच गवारीच्या बियांचा, सहज मिळेल 😄 आणि धुताना साधं पाणी अजिबात नको, केसीएल विरघळून जाईल. ब्राइन केसीएल आणि मीठ, दोन्ही क्षारांनी सॅच्युरेटेड पाहिजे.

मांजलपूरकर: ओतताना बारीक केसीएलपण जाईल ना?

जुना_प्लांटवाला: थोडं जाणारच. ओतलेलं फेकू नको, अ‍ॅनालिसिस कर, म्हणजे रिकव्हरीचा हिशेब लागेल.