अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांची औषधं: आधी 'एक्स्ट्रा हेल्प' की आधी राज्याची योजना?

औषधपेटी: माझं मत, थेट सोशल सिक्युरिटी या सरकारी विभागाकडे (एसएसए) 'एक्स्ट्रा हेल्प'चा, म्हणजे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या औषधखर्चाच्या सवलतीचा, अर्ज करा. २०२५ च्या हिशेबाने एकट्याचं वार्षिक उत्पन्न २३,४७५ आणि बचत १७,६०० डॉलरच्या आत हवी होती. जोडप्यासाठी ३१,७२५ आणि ३५,१३०. राहतं घर, गाडी, आयुर्विमा बचतीत धरत नाहीत. मंजूर झालं की २०२५ मध्ये दर औषधामागे जनरिकला जास्तीत जास्त ४.९० आणि ब्रँडेडला १२.१५ डॉलर द्यावे लागत. अर्ज ऑनलाइन, फोनवर किंवा एसएसए-१०२० फॉर्मवर.

पुणेरी_जर्सीकर: उलटं करा. आधी राज्याकडे 'मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम', म्हणजे मेडिकेअरचे हप्ते भरायला मदत करणारी योजना. तो मिळाला की एक्स्ट्रा हेल्प आपोआप, शिवाय पार्ट बीचा (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) महिन्याचा हप्ता, २०२५ मध्ये १८५ डॉलर, राज्य भरतं. न्यूयॉर्कमध्ये तर बचतीची अटच नाही. एसएसएच्या फॉर्मवर राहत्या घराखेरीज इतर स्थावर मालमत्ता विचारतात. पुण्यातला फ्लॅट तिथे नडतो. लपवायचा म्हणाल, तर खाली शपथेवर सही आहे.

औषधपेटी: सगळी राज्यं न्यूयॉर्क नव्हेत हो! बऱ्याच राज्यांत या योजनेची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांवर संपते, एक्स्ट्रा हेल्पची १५० वर. मधल्यांनी काय करायचं? आणि फॉर्मवर 'नको' अशी खूण केली नाही, तर एसएसए तुमची माहिती स्वतःच राज्याकडे पाठवते. एका अर्जात दोन्ही दारं.

पुणेरी_जर्सीकर: पाठवते, मान्य. पण राज्य वेगळे कागद मागू शकतं. ते पत्र जाहिरात समजून फेकलं की अर्ज तिथेच अडकला.

गोळी_सकाळ_संध्याकाळ: भांडा खुशाल, पण पैसे जातात ते तिसऱ्याच ठिकाणी. मदत फक्त तुमच्या मेडिकेअर औषधविम्याच्या प्लॅनच्या यादीतल्या औषधांना. स्वतः प्लॅन निवडला नाही, तर मेडिकेअर एखादा नेमून देतं आणि तो नेमताना तुमच्या गोळ्या बघत नाही. मेडिकेअरच्या वेबसाइटवरच्या प्लॅन फाइंडरमध्ये प्रत्येक औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि महिन्याच्या गोळ्या भरून तपासा. यंदाचा शून्य हप्त्याचा प्लॅन जानेवारीत शून्याचा राहीलच असं नाही, फरक खिशातून. २०२५ पासून एक्स्ट्रा हेल्पवाल्यांना महिन्यातून एकदा स्वतंत्र (फक्त औषधांच्या) प्लॅनमध्ये जाता येतं, ती सोय वापरा.

प्लॅनऐवजी डिस्काउंट कूपन चालवलं, तर तो खर्च औषधांवरच्या खिशातल्या खर्चाच्या वार्षिक मर्यादेत (२०२५ मध्ये २,००० डॉलर) आपोआप धरला जात नाही. मंजुरीनंतरही काउंटरवर जुनाच भाव सांगितला, तर एसएसएचं मंजुरीपत्र दाखवा. प्लॅनला दर दुरुस्त करावा लागतो, जास्त घेतलेले पैसेही परत द्यावे लागतात.

औषधपेटी: हे मात्र खरं. आणि नकार आला, तर अपिलाला ६० दिवस आहेत; पत्राची तारीख जपून ठेवा.