परदेशात राहणाऱ्याने तिथल्या मोर्चात उतरावे का?

आष्टीची लेक
माझे माहेर वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथल्या पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या लोकांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे मोर्चाला आमच्या घरात कधी वाईट मानले गेले नाही. मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला. त्यानंतर मी राहत होते त्या अमेरिकेतील लहान गावातही मोर्चा निघाला आणि नोकरीच्या व्हिसावर असलेली मी त्यात गेले. मैत्रिणीने माझ्या हातावर पेनाने वकिलाचा फोन नंबर लिहून दिला, कारण अटक झाल्यास मोबाइल काढून घेतात. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी दिसली आणि मी मागच्या मागे घरी निघून आले. रात्री आईला व्हिडिओ कॉल करण्याआधी तो नंबर भांड्यांच्या घासणीने घासला, तरी शेवटचे दोन आकडे राहिलेच; शेवटी हात ओढणीखाली ठेवून बोलले. निघून आल्याची ती बोच अजून गेलेली नाही. जिथे आपण राबतो आणि कर भरतो, तिथल्या अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचा हक्क आपल्यालाही आहे, असे माझे मत आहे. ज्याला मत देता येत नाही, त्याच्याजवळ दुसरा मार्ग तरी कोणता? आपणा सर्वांना काय वाटते?

हिंगणघाटचे काका
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मला हे पटत नाही. माझा मुलगा तिकडे शिकायला आहे आणि त्याच्या कर्जापायी आमच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढलेला आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहिती द्यावी लागते. नागरिकत्वाच्या अर्जात तर, गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी, कधी अटक झाली होती का, हे विचारतात. एका दुपारचा जाब दहा वर्षांनीही द्यावा लागेल. मुलाला परत पाठवले, तर कापसाच्या भावात ते हप्ते फिटणार नाहीत. ज्यांच्या घरी आपण पाहुणे, त्यांच्या भांडणात पडू नये.

पुसदचा मास्तर
काकांची काळजी खरी आहे, मात्र ‘पाहुणा’ हा शब्द मला मान्य नाही, कारण पाहुण्याकडून कोणी कर घेत नाही. आपल्याच वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकायला गेले आणि १९१३ मध्ये, भारताच्या स्वातंत्र्यासाठी तिथल्या भारतीयांनी काढलेल्या गदर पक्षाच्या उभारणीत उतरले. पुढे मेक्सिकोत आश्रय मिळाला, तेव्हा तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी शेतीच्या मोफत शाळा काढल्या. तो देश परका म्हणून ते हात बांधून बसले नाहीत. आणखी एक सांगतो. आपल्याकडे कापूस वेचायला मेळघाटातून, मध्य प्रदेशातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्यांनी किलोमागे दोन रुपये वाढवून मागितले, तर ‘बाहेरून आले आणि आम्हालाच शिकवतात’ असे आपणच म्हणतो ना?

हिंगणघाटचे काका
मास्तर, खानखोज्यांना कायमचे मायदेशी परतता आले ते स्वातंत्र्यानंतरच. तोवर त्यांच्या घरच्यांनी काय सोसले असेल, हे कोणी विचारते का? त्यांनी स्वतःचे आयुष्य पणाला लावले, तो त्यांचा अधिकार होता. माझ्या मुलाने मात्र माझे शेत पणाला लावायचे असेल, तर आधी मला विचारावे. मजुरांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, ते मला लागले, आणि ते मी नाकारत नाही.

आष्टीची लेक
काका, मी त्या दिवशी घरी कोणालाच विचारले नव्हते, आणि नंतर लपवले; तुमचे हे म्हणणे मला मान्य आहे. माझा हक्काबद्दलचा विचार त्यामुळे बदलत नाही. पण मास्तरांनी वेचणीचा विषय काढला म्हणून लिहिते. परवा आमच्याच शेतात मेळघाटातून आलेल्या बाया रिकामे गाठोडे मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसल्या होत्या आणि भाव वाढवल्याशिवाय उठणार नाही म्हणत होत्या. बाबा चिडले. मी ओट्यावरून सगळे ऐकले, काही बोलले नाही. आज संध्याकाळी कापसाचे वजन होईल, तेव्हा मी बाबांजवळ त्यांच्या भावाची गोष्ट काढणार आहे.