योगवर्गात पुरुष का दिसत नाहीत?

कंबरदुखीवाला
माझी रात्रीची शिफ्ट असते, म्हणून आठ महिने सकाळी साडेदहाच्या योगवर्गाला जातोय. वर्गात बावीस बायका आणि आम्ही दोन पुरुष. दुसरे सत्तरीचे निवृत्त मास्तर आहेत. मित्रांना चला म्हटलं की एकच उत्तर, "ते बायकांचं आहे."

हे मला फार लागतं. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते शाळाशाळांत नेले औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या स्वामी कुवलयानंदांनी. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला, तेव्हा वय अवघं अठरा. मग आता काय झालं? मला वाटतं, आपल्याला वाकता येत नाही हे चारचौघींसमोर दिसेल, याची पुरुषांना लाज वाटते.

लाल माती
साफ चूक. लाजेचा काही संबंध नाही. मी सतरा वर्षं तालमीत जातो. जोर, बैठका, सपाट्या झाल्या की अंगातून घामाच्या धारा लागतात, आणि त्याशिवाय मेहनत झाल्यासारखी वाटतच नाही. पुरुष व्यायाम टाळत नाहीत, त्यांचा व्यायाम वेगळा आहे. भवानरावांचंच घ्या, त्यांचे नमस्कार मोजून आणि भरपूर घालायचे असत. ते आमच्या जवळचं आहे, तुमच्या शवासनाच्या नाही.

कंबरदुखीवाला
औंधच्या शाळांत मुलीही नमस्कार घालायच्या, एवढं लक्षात घ्या. आणि तालीम मीही केली आहे, पंचविशीपर्यंत. तरी पहिल्या दिवशी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, माझे हात नडगीच्या खाली जाईनात. ताकद होती, पण मांडीमागच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ. बाईंनी तळव्यांना पट्टा लावून दिला, बुडाखाली घोंगडी दिली. तीन महिन्यांनी अंगठे हाताला लागले आणि सकाळी उठताना भिंत धरणं सुटलं.

साडेदहाची बॅच
मला दोघांचंही पटत नाही. पुरुष येत नाहीत ही तक्रार तुमची, आमची नाही. पोरं शाळेत गेली, डबे झाले, सासूबाईंची औषधं देऊन झाली की तो एक तास मिळतो, आणि तोही भांडून मिळवलेला. पाळी, गर्भाशयाचं ऑपरेशन, खोकताना लघवी होणं, हे सगळं आम्ही तिथे मोकळेपणाने विचारतो. बी. के. एस. अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगारांनी पाळी नि गर्भारपणासाठी वेगळे आसनक्रम बसवले, ते उगाच नाही. आमच्याकडे एक गृहस्थ यायला लागले तेव्हा दोघीतिघी सर्वांगासन करेनाशा झाल्या, पाय वर केले की कुर्ता घसरतो म्हणून. ते भले होते, पण प्रश्न विचारणं बंद झालं ते झालंच.

कंबरदुखीवाला
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बावीस जणींपैकी कोणी मला कधी बोलल्या नाहीत. पण मग माझ्यासारख्याने जायचं कुठे? पुरुषांची पहाटेची बॅच काढायला दहा नावं लागतात. दोन महिन्यांत चार जमली.

लाल माती
आमच्या तालमीची माडी पहाटे रिकामी असते, वस्तादांना विचारून बघतो. माझाही खांदा वर्षभर धरलाय, हे कबूल करतो. पण मेहनत सोडणार नाही. आणि शिकवणार कोण?

साडेदहाची बॅच
आमच्या मॅडम पहाटे मोकळ्या असतात. तालमीत बाई शिकवायला आलेली चालेल का, ते आधी वस्तादांना विचारा.